सणांचे पंचांग : सोंगक्रान आणि ज्येष्ठांचे हात

नववर्षाच्या सणाचा नववर्षाशी असलेला संबंधच तोडला, तर मागे काय उरते? थायलंडच्या सोंगक्रानमध्ये याचे उत्तर सापडते. सूर्य मेष राशीत शिरला की वर्ष पालटले, असा तिथला जुना हिशेब. केरळचा विशू, तमिळांचा पुत्तांडू हेही त्याच गणिताने येतात. राजा चुलालोंगकोर्न यांनी १८८९ मध्ये सरकारी वर्षारंभ १ एप्रिलवर नेला, पुढे फिबुन सोंगख्राम यांच्या राजवटीत तो १ जानेवारीवर आला. त्या बदलापायी बौद्ध संवत २४८३ हे वर्ष अवघ्या नऊ महिन्यांचे ठरले : १ एप्रिल १९४० ला सुरू झाले आणि ३१ डिसेंबरला संपले. कॅलेंडरच्या लेखी सोंगक्रानचे काम तेव्हाच सरले. तरीही १३ ते १५ एप्रिलला देश सुट्टीवर जातो आणि बँकॉकमधली माणसे गावची वाट धरतात. माझ्या मते हा सण तगला तो घरातल्या वडीलधाऱ्यांमुळे.

त्याचा गाभा आहे ‘रोत नाम दाम हुआ’ हा विधी. आजी-आजोबा हात जोडून बसतात. वाडग्यातल्या सुगंधी पाण्यात मोगऱ्याच्या कळ्या, गुलाबाच्या पाकळ्या तरंगत असतात. मुले-नातवंडे ओळीने पुढे येऊन ते पाणी त्यांच्या हातांवर हळूच ओततात, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात आणि आशीर्वाद घेतात. १३ एप्रिल हा थायलंडचा राष्ट्रीय ज्येष्ठ दिन आणि १४ एप्रिल कुटुंब दिन, हे याला साजेसेच आहे.

यावर आक्षेप येईल की, बँकॉकच्या खाओसान रस्त्यावर पिचकाऱ्या घेऊन उतरलेल्या पर्यटकांना यातले काय ठाऊक? आक्षेप खरा आहे, पण अपुरा. चियांग माईत खंदकाकाठी लोक बादल्यांनी एकमेकांना भिजवत असतात, त्याच दिवसांत ‘फ्रा सिंग’ ही बुद्धमूर्ती मिरवणुकीने निघते आणि तेच लोक तिच्यावर पाणी शिंपडतात. एप्रिलच्या रणरणत्या उन्हात भिजण्याची मौजही परकी नाही. शेजारच्या म्यानमार आणि लाओसमध्येही नववर्षाला पाणी उडतेच. यातले मूळ कोणते, याची कसोटी २०२१ मध्ये लागली. कोविडमुळे रस्त्यावरच्या पाणीखेळावर बंदी आली. ज्येष्ठांच्या हातांवर पाणी ओतण्याला आणि मूर्तिस्नानाला मात्र मुभा राहिली. पाण्याच्या नासाडीचा मुद्दाही खेळाला लागू पडतो. विधीला वाडगाभर पाणी पुरते.

सर्वांत गंभीर आक्षेप रस्त्यांवरच्या मृत्यूंचा आहे, आणि तो टोलवता येणार नाही. सुट्टीच्या आसपासच्या ‘सात धोकादायक दिवसां’त गेली काही वर्षे दरवेळी दोनशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत मोटारसायकलस्वारांचे प्रमाण फार मोठे, आणि कारणे वेग व दारू. आईवडिलांच्या हातांवर पाणी ओतायला निघालेला मुलगा वाटेतच जावा, याहून क्रूर विसंगती नाही. युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये सोंगक्रानला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. थाई सरकारने पर्यटकांची मोजदाद करण्याआधी या प्रवासाची काळजी वाहायला हवी. वाचकांपैकी कुणी एप्रिलमध्ये तिकडे जाणार असाल, तर सकाळी एखाद्या वाटमध्ये, म्हणजे बौद्ध मंदिरात, अवश्य जा. भिक्खू, वृद्ध आणि तान्ह्या मुलांवर पाणी फेकू नका, आणि दुचाकीवरून जाणाऱ्यावर तर मुळीच नको.