जमिनीखालचा पहारा : मॅसॅच्युसेट्सची गावोगावची आरोग्यमंडळे

सार्वजनिक आरोग्याची जी कामे डोळ्यांना दिसतात, म्हणजे जलाशय, रुग्णालये, मोठमोठी गटारे, त्यांना लोकांची कृतज्ञताही लाभते आणि सरकारी अंदाजपत्रकात मानाचे स्थानही मिळते. परंतु ज्या घरांपर्यंत नगराचे भुयारी गटार कधी पोहोचलेच नाही आणि ज्यांचे मैलापाणी त्यांच्याच अंगणातील मातीत जिरते, त्या घरांच्या बाबतीत आरोग्यरक्षणाचे काम जवळजवळ सर्वस्वी दृष्टीआड चालते, आणि ते करणाऱ्या संस्थेचे नाव बहुधा एखादा तंटा उपस्थित झाल्यावरच लोकांच्या कानी पडते. अमेरिकेत अशी घरे थोडीथोडकी नाहीत. सुमारे दर पाच घरांपैकी एकाचे मैलापाणी सेप्टिक टाकीत जाते. या टाक्यांवर देखरेख ठेवणाऱ्या स्थानिक संस्थांपैकी मॅसॅच्युसेट्स राज्यातील आरोग्यमंडळांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. जमीन मालकाची असली तरी तिच्या खालून वाहणारे पाणी सर्वांचे असते, या साध्या सत्यातून जे अवघड प्रश्न उद्भवतात, त्यांचा निवाडा ही मंडळे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत.

या राज्यात आरोग्यविचाराची परंपरा जुनी आहे. बॉस्टन शहराचे आरोग्यमंडळ १७९९ साली स्थापन झाले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद स्वातंत्र्ययुद्धातील प्रख्यात पुरुष पॉल रेव्हिअर यांच्याकडे आले. १८५० साली लेम्युएल शॅटक यांनी आपल्या प्रसिद्ध अहवालात राज्याचे एक आणि गावोगावची स्वतंत्र अशी आरोग्यमंडळे असावीत असे प्रतिपादन केले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८६९ मध्ये, राज्याचे मंडळ अस्तित्वात आले आणि डॉ. हेन्री इंगरसॉल बाउडिच हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वर्ष १८८७ हे होय. त्या वर्षी राज्यमंडळाने मेरिमॅक नदीकाठच्या लॉरेन्स या गिरणगावात एक प्रयोगशाळा उघडली आणि वाळूने भरलेल्या हौदांत मैलापाणी थांबून थांबून सोडून त्याचे काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. वाळू पाणी नुसते गाळत नाही. तिच्या कणाकणांवर वस्ती करणारे सूक्ष्मजीव, त्यांना हवा मिळत राहिली तर, मैल्यातील सेंद्रिय द्रव्य अक्षरशः पचवतात आणि त्यातील अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, हे तेथील प्रयोगांनी स्पष्ट केले. माती ही केवळ विल्हेवाटीची जागा नसून शुद्धीकरणाचे एक जिवंत साधन आहे, हा आजच्या साऱ्या नियमांचा पाया त्या प्रयोगांनी घातला. आणि पुढे सांगावयाच्या एका मोठ्या अडचणीचे बीजही, दुर्दैवाने, त्याच रूपांतरात होते.

सेप्टिक टाकी ही रचनेने अत्यंत साधी वस्तू आहे. घरातून आलेले पाणी तीत संथ होते, जड द्रव्ये तळाशी गाळ होऊन बसतात, तेलकट व हलकी द्रव्ये वर तवंग धरतात, प्राणवायूवाचून जगणारे जंतू गाळाचे काही अंशी विघटन करतात, आणि मधल्या थरातील पाणी एका वितरणपेटीमार्गे सच्छिद्र नळ्यांत व तेथून खडीच्या चरांत उतरते. हे पाणी वरकरणी निवळलेले दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. टाकीने त्यातील गाळ तेवढा अडवलेला असतो. खरे शुद्धीकरण चरांच्या तळाशी, पाण्याने न भरलेल्या आणि म्हणून हवा खेळत असलेल्या मातीच्या काही फुटांच्या थरात होते. तो थर पुरेसा नसेल, किंवा भूजल वर चढून त्यातील हवा हाकलून देत असेल, तर उत्तमांत उत्तम टाकीदेखील शेजाऱ्याच्या विहिरीत मैला पोहोचवणारे एक सुबक साधन ठरते. म्हणून आरोग्यमंडळाची चौकशी टाकीपासून नव्हे, तर मातीपासून सुरू होते.

मॅसॅच्युसेट्समध्ये लहानमोठी मिळून ३५१ नगरे आणि गावे आहेत, आणि प्रत्येकाला आपले आरोग्यमंडळ आहे. गावाचे मंडळ बहुधा तीन सभासदांचे असते आणि पुष्कळ ठिकाणी ते गावकऱ्यांच्या मतांनी निवडले जाते. दैनंदिन काम मंडळाने नेमलेला आरोग्याधिकारी पाहतो. कायद्याने या लहानशा मंडळाला दिलेले अधिकार त्याच्या आकाराच्या मानाने थक्क करणारे आहेत. ते आरोग्यविषयक नियम करू शकते, उपद्रव दूर करण्याचा हुकूम काढू शकते, टाकी बांधणाऱ्या आणि मैला उपसून नेणाऱ्या धंदेवाईकांना परवाने देते, आणि राज्याच्या पर्यावरण संहितेतील ज्या भागाला तेथे सर्वत्र ‘टायटल फाइव्ह’ म्हणतात, त्याची अंमलबजावणी करते. राज्याचे नियम ही किमान मर्यादा. गावाची परिस्थिती मागत असेल तर मंडळ त्याहून कडक नियम करू शकते. तळ्याकाठच्या गावाला आणि डोंगरउतारावरच्या गावाला एकच माप लावता येत नाही, हे या व्यवस्थेने मुळातच मान्य केले आहे.

नवे घर बांधावयाचे म्हणजे प्रथम जमिनीची परीक्षा. खणणाऱ्या यंत्राने पुरुषभर खोल खड्डे घेतले जातात, परवानाधारक मृदापरीक्षक खड्ड्याच्या भिंतीवरील थर न्याहाळून त्यांची नोंद करतो, आणि मंडळाचा प्रतिनिधी जातीने हजर राहून ते सारे पाहतो. परीक्षा कोरड्या ऋतूत झाली आणि खड्ड्यात पाण्याचा थेंब दिसला नाही, म्हणून भूजल खोल आहे असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. कारण वर्षातील ओल्या महिन्यांत पाणी जेथवर चढते, तेथवर मातीतील लोहाचा रंग बदलून राखाडी पट्टे आणि गंजासारखे तांबूस ठिपके उमटलेले असतात, आणि जाणता परीक्षक त्यांवरून पाण्याची वरची पातळी ठरवतो. मग १२ इंच व्यासाचा आणि १८ इंच खोलीचा एक लहान खळगा करून, तो पाण्याने १५ मिनिटे मुरवून घेऊन, पाण्याची पातळी १२ इंचांवरून ९ वर आणि ९ वरून ६ वर यावयास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजतात. इंचाला ६० मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल तर त्या जागी नव्या बांधकामाला मंजुरी नाही. परंतु पाणी न मुरणे हा जसा दोष, तसे ते अतिवेगाने मुरणे हाही दोषच आहे. म्हणून सामान्य मातीत चरांचा तळ आणि भूजलाची वरची पातळी यांत ४ फूट अंतर पुरते, तर इंचाला २ मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ घेणाऱ्या वाळूत ५ फूट ठेवावे लागते. खाजगी विहिरीपासून टाकी ५० फुटांवर आणि शोषणाचे चर १०० फुटांवर हवेत, टाकी १,५०० गॅलन म्हणजे सुमारे ५,७०० लिटरांहून लहान नको, आणि आजचे चर उद्या निकामी झाले तर दुसरे घेता यावेत म्हणून तितकीच राखीव जागा मोकळी ठेवली पाहिजे, असे दंडक पुढे ओळीने येतात.

यांतील सर्वाधिक वादाचा दंडक मात्र जमिनीखालचा नसून घरातला आहे. रोजच्या मैलापाण्याचा अंदाज घरात आज किती माणसे राहतात यावर बांधीत नाहीत. माणसे येतात-जातात, घर राहते. म्हणून दर शयनगृहामागे दिवसाला ११० गॅलन असे प्रमाण धरतात, आणि मग शयनगृह कशाला म्हणावे, हा प्रश्न मंडळापुढे जाहीर सुनावणीत येतो. मालक ज्या खोलीला अभ्यासिका म्हणतो, तिला दार आहे, खिडकी आहे, ७० चौरस फुटांचे क्षेत्र आहे, एकान्त आहे; तेव्हा पुढचा मालक तीत खाट टाकणार नाही याची हमी काय? अशा वेळी शयनगृहांची संख्या कायमची बांधून घेणारी अट मालमत्तेच्या दस्तऐवजात नोंदवून तोडगा काढतात. बाहेरच्या माणसाला ही सगळी हुज्जत क्षुल्लक वाटेल. परंतु पन्नास वर्षे जमिनीत राहणाऱ्या वस्तूचा हिशेब आजच्या मालकाच्या शब्दावर सोडता येत नाही, हे तत्त्व तीत आहे, आणि ते मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

नव्या घरांचा बंदोबस्त अशा रीतीने होतो. पण जुन्या घरांचे काय? १९७८च्या संहितेने बांधकामाचे नियम घातले, तरी तिच्या आधीपासून जमिनीत गाडलेल्या, कित्येकदा नुसत्या दगडी शोषखड्ड्यांच्या रूपातील, असंख्य व्यवस्थांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग ३१ मार्च १९९५ रोजी अमलात आलेल्या सुधारित संहितेने काढला. घराची विक्री हा तो प्रसंग. विक्रीच्या आधी दोन वर्षांच्या आत, किंवा टाकी दरवर्षी उपसली जात असेल तर तीन वर्षांच्या आत, मान्यताप्राप्त निरीक्षकाकडून तपासणी झालेली असली पाहिजे, आणि तिचा अहवाल ३० दिवसांत मंडळाच्या दफ्तरी दाखल झाला पाहिजे. मैला घरात उलटत असेल, अंगणात फुटून वर येत असेल, वितरणपेटीतील पाणी निर्गमनळीच्या वर साचून राहत असेल, किंवा वर्षभरात चारांहून अधिक वेळा टाकी उपसावी लागली असेल, तर व्यवस्था नापास. आणि सामान्यतः दोन वर्षांच्या मुदतीत ती नवी करणे मालकाला बंधनकारक. बॉस्टनच्या पश्चिमेकडील ॲक्टन, वेस्टफर्ड यांसारख्या गावांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांचाही आरोग्यमंडळाशी पहिला परिचय याच अहवालाच्या द्वारे होतो. ज्यांच्या पिढ्या शहरी गटाराच्या भरवशावर वाढल्या, त्यांना आपल्या हिरवळीखाली एक लहानसे शुद्धीकरण केंद्र आहे आणि त्याचे आपण जबाबदार चालक आहोत, ही गोष्ट तेव्हा प्रथम उमगते.

नापास व्यवस्था नवी करावयाची म्हणजे हजारो डॉलरांचा खर्च, आणि तो कित्येकदा वृद्ध, निवृत्त माणसांवर कोसळतो. येथे मंडळाच्या न्यायबुद्धीची कसोटी लागते. लहानशा जुन्या प्लॉटवर सर्व अंतरे पाळणे अशक्य असेल, तर आरोग्य आणि पर्यावरण यांचे रक्षण जितके साधेल तितके साधून काही अंतरांत सवलत देण्याचा अधिकार मंडळाला आहे. गावाने कर्ज देऊन ते मालमत्ताकराबरोबर वीस वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनी वसूल करण्याची सोय कायद्याने केली आहे. आणि राज्याच्या प्राप्तिकरातील या कामाची सवलत २०२३च्या करवर्षापासून ६,००० डॉलरांवरून १८,००० डॉलरांपर्यंत वाढवली गेली. हुकूम काढणारा हात आणि मदत करणारा हात एकाच गावाचा असला म्हणजे कायदा सुसह्य होतो. सवलत मागणारा आणि ती देणारा उद्या बाजारात एकमेकांना भेटणार असतात. त्यामुळे भीड पडण्याचा धोका आहे हे खरे, पण माणसाची अडचण प्रत्यक्ष जाणून निर्णय देण्याची शक्यताही तेथेच आहे.

या व्यवस्थेची खरी मर्यादा भिडेत नाही; ती तिच्या दृष्टीच्या आवाक्यात आहे, आणि केप कॉड या वालुकामय द्वीपकल्पाने ती उघडी केली. तेथील पंधरा गावांचे पिण्याचे पाणी त्यांच्याच वाळूखालच्या भूजलातून येते, आणि तेच भूजल पुढे उथळ खाड्यांत उतरते. सुस्थितीतील सेप्टिक व्यवस्था रोगजंतूंना मातीत रोखते. परंतु लॉरेन्सच्या हौदांत दिसलेल्या त्या रूपांतराने निर्माण होणारे नायट्रेट पाण्यात विरघळून त्याच्याबरोबर बिनबोभाट चालत राहते. खाडीत पोहोचल्यावर ते शेवाळाला खत होते, शेवाळ सूर्यप्रकाश अडवते, माशांच्या आणि शिंपल्यांच्या पिलांना आसरा देणारे सागरी गवत मरते, आणि पाणी निर्जीव होत जाते. पाणलोटांतून येणाऱ्या नियंत्रणयोग्य नायट्रोजनपैकी सुमारे ८० टक्के सेप्टिक व्यवस्थांचे आहे, असे तेथील अभ्यासांनी दाखवले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की यांतील बहुसंख्य व्यवस्था तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्या होत्या. प्रत्येक घर निर्दोष, आणि सर्व घरे मिळून खाडीचा घात करणारी, अशी ही स्थिती आहे; एकेका घराचा निवाडा करणाऱ्या संस्थेला तीत आरोपीच सापडत नाही.

म्हणून ७ जुलै २०२३ रोजी अमलात आलेल्या नियमांनी केप कॉडवरील ३० पाणलोटक्षेत्रे नायट्रोजन-संवेदनशील ठरवली आणि गावांपुढे दोन मार्ग ठेवले : एकतर गावांनी मिळून सबंध पाणलोटाचा वीस वर्षांचा परवाना घ्यावा आणि गटारे, सुधारित टाक्या व अन्य उपाय यांची सांगड घालून खाडीला सोसेल इतक्यावर नायट्रोजन आणून दाखवावा, नाहीतर तेथील घरमालकांनी ठराविक मुदतीत नायट्रोजन काढून टाकणारी यंत्रणा बसवावी. अशा यंत्रणांची पारख करण्यासाठी बार्नस्टेबल काउंटीचे आरोग्य खाते १९९९ पासून तेथील लष्करी तळाच्या आवारात एक परीक्षण केंद्र चालवीत आहे. त्यात लाकडाचा भुसा मिसळलेल्या वाळूच्या थरांसारख्या साध्या रचनांचाही अभ्यास झाला आहे, कारण हवा नसलेल्या जागी सूक्ष्मजीवांना कार्बन पुरवला की ते नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करून टाकतात. नव्या यंत्रणेला वीज हवी, देखभालीचा करार हवा, पाण्याचे नमुने वेळोवेळी तपासले पाहिजेत. म्हणजे विक्रीच्या प्रसंगापुरती असलेली मंडळाची देखरेख येथे अखंड व्हावी लागते.

या अखंडतेचा एक धडा आपल्या महाराष्ट्रातही गिरवला गेला आहे. सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या वाई नगरपालिकेने आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर नगरपालिकेने २०१८ च्या सुमारास घरोघरच्या टाक्या, मालकाच्या तक्रारीची वाट न पाहता, दर तीन वर्षांच्या ठरलेल्या पाळीने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि खर्चाचा भार कराच्या रूपाने सर्वांवर वाटला. मॅसॅच्युसेट्सची संहिता निदान तीन वर्षांतून एकदा टाकी उपसावी अशी शिफारस करते, पण काम मालकावर सोडते. उलट आपल्या असंख्य गावांत टाकी भक्कम असते, आणि तिच्यातून निघणारे पाणी मात्र कोणत्याही मातीची परीक्षा न होता उघड्या गटारात जाते. त्यांनी आपल्याकडून पाळीची शिस्त घ्यावी आणि आपण त्यांच्याकडून मातीची चौकशी शिकावी, अशी ही देवघेव होऊ शकेल.

गावाच्या मंडळाला हे वाढते ओझे पेलणार नाही, तेव्हा त्याचे अधिकार वरच्या सरकारकडे न्यावेत, असा युक्तिवाद पुढे येतो. तो मला मान्य नाही. पाणलोटाचे गणित राज्याने आणि विद्यापीठांनी करावे, पैसा त्यांनी पुरवावा, हे योग्यच. पण कोणत्या प्लॉटखाली चिकणमाती आहे, कोणाची विहीर कोठे आहे आणि कोणत्या विधवेला हप्ता परवडणार नाही, हे ज्ञान ज्या संस्थेच्या दफ्तरात आणि सभासदांच्या ओळखीत साठलेले आहे, तिला बाजूला सारून केलेली कोणतीही योजना कागदावरच राहील. मंडळांना आज गरज आहे ती पुरेशा प्रशिक्षित माणसांची, शेजारच्या गावांशी मिळून काम करण्याच्या सवयीची, आणि एका घराच्या टाकीचा निर्णय देताना सबंध खाडीचा हिशेब समोर ठेवण्याच्या दृष्टीची. ज्या राज्याने माती कसे काम करते हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जगाला दाखवले, त्याच्या गावांना ही दृष्टी येणे अशक्य नाही. आणि ती आली, तरच या मंडळांचा जुना अधिकार नव्या काळात सार्थ ठरेल.