आदिवासी मूल आणि बिगर-आदिवासी घर : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात दत्तक-संगोपनाचा विचार

भिन्नवंशीय दत्तक ही संकल्पना मुख्यतः अमेरिकेतील सामाजिक चर्चेतून पुढे आली. गौरवर्णीय कुटुंबांनी कृष्णवर्णीय मुले दत्तक घेण्यास तेथील कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्ये जाहीर विरोध केला. १९७८ च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्टने मूलनिवासी मुलाच्या दत्तकासाठी प्रथम विस्तारित कुटुंब, नंतर त्याची जमात व त्यानंतर अन्य मूलनिवासी कुटुंब असा प्राधान्यक्रम ठरवून दिला. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा कायम राखला. भारतात या प्रश्नाकडे 'वंश' म्हणून पाहण्याचा प्रघात नाही. तथापि माडिया वा गोंड आईच्या पोटी जन्मलेले मूल जेव्हा मराठी भाषक, बिगर-आदिवासी घरात वाढते, तेव्हा भाषा, दैवत व विवाहसंबंध या तिन्ही बाबतींत ते तितकेच अंतर ओलांडत असते. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक, तर चंद्रपूर जिल्ह्यात १७ टक्क्यांहून अधिक होते. त्यामुळे या जिल्ह्यांत हा प्रश्न दूरचा मानता येत नाही.

कायदेशीर चौकट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे जमातीच्या आत होणारे दत्तक रूढीवर चालते. बालकल्याण समितीमार्फत होणारे दत्तक मात्र बाल न्याय अधिनियमाखाली येते आणि तेथे धर्म वा जमात आड येत नाही. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. २०१५ च्या अधिनियमानुसार दत्तक आदेशानंतर मूल सर्वार्थाने नव्या माता-पित्यांचे होते. २०२१ च्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे गेला. अमेरिकेतील कायद्याप्रमाणे जमातीनुसार प्राधान्यक्रम मात्र आपल्याकडे नाही.

गोंड समाजाची कुळव्यवस्था देवांच्या संख्येवर उभी आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असून समान संख्येच्या देवांची कुळे परस्परांची भाऊबंद मानली जातात. त्यांच्यात सामान्यतः सोयरीक होत नाही. प्रदेशपरत्वे तपशील बदलतात, पण तत्त्व हेच. शेजारच्या आदिलाबाद भागातील राजगोंडांविषयी फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी याचे विस्तृत वर्णन केले आहे. जमातीतच काकाने वा अन्य आप्ताने सांभाळलेल्या मुलाचे देव ठाऊक असतात. समर्पित किंवा टाकून दिलेल्या अर्भकाचे देव कोणते, हे बिगर-आदिवासी पालक कोठून सांगणार? बालपणी हा प्रश्न उद्भवत नाही. पुढे त्या मुलाने वा मुलीने जन्मसमाजात सोयरीक करू म्हटले, की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. विशेष असे की, १९५६ च्या कायद्याला ही अडचण ठाऊक होती. जन्मकुटुंबात ज्या व्यक्तीशी विवाह निषिद्ध ठरला असता, तिच्याशी दत्तक मुलाला विवाह करता येत नाही, असे त्याच्या कलम १२ मध्ये म्हटले आहे. बाल न्याय अधिनियमातील दत्तकाच्या परिणामांविषयीच्या कलमात असा उल्लेख नाही.

दुसरी अडचण कागदाची आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाव्याची पडताळणी करताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या पुराव्यांना विशेष महत्त्व असते आणि चालीरीती, बोली, दैवते यांविषयीची आप्तभाव चाचणीही होते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी प्रत्येक प्रकरणात निर्णायक कसोटी नसल्याचे सांगितले. परंतु दत्तक मुलाकडे आजोबांचा दाखला नसतो आणि परक्या घरात वाढल्याने बोलीही नसते. ज्या दोन आधारांवर दावा उभा राहतो, त्या दोहोंपासून ते दुरावलेले असते.

बोलीचा प्रश्न पालकांच्या हाती काही प्रमाणात असतो. गोंडी व माडिया या द्राविडी कुळातील भाषा असल्याने मराठी घरात त्या आपोआप रुजत नाहीत, त्या मुद्दाम शिकाव्या लागतात. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पात, जो १९७३ मध्ये सुरू झाला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांची मुले माडिया मुलांसोबत त्याच आश्रमशाळेत शिकली आणि माडिया बोलू लागली. हे दत्तकाचे उदाहरण नव्हे. पण भाषेची वाट दोन्ही दिशांनी चालता येते, हे त्यातून दिसते. नागपूर वा पुण्याच्या सदनिकेत ती सोय नाही, हेही मान्य करावे लागते.

मोठ्या वयाच्या मुलांची स्थिती वेगळी असते. २०२४ च्या आदर्श प्रतिपालन मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालक कुटुंबात राहिलेल्या मुलाला दोन वर्षांनंतर त्याच कुटुंबाने दत्तक घेण्याचा मार्ग खुला झाला आहे. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. सात-आठ वर्षांचे मूल आपली बोली, आपले गाव, कदाचित आपले देवही घेऊन नव्या घरी येते. असे मूल सुरुवातीस अबोल राहिले, तर त्याला मंद वा हट्टी ठरवण्याची घाई होते. वस्तुतः आजूबाजूला बोलले जाणारे त्याला पुरते उमजतच नसते.

दत्तक प्रक्रियेत प्रत्येक मुलाचा बाल अभ्यास अहवाल तयार होतो आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्याची तरतूद दत्तक नियमांत आहे. मात्र मातेची गोपनीयताही तितकीच जपावी लागते. गावाच्या नावावरून तिची ओळख उघड होऊ शकते. देवांची संख्या व बोली मात्र असंख्य कुटुंबांची समान असल्याने त्यांच्या नोंदीने कोणाचीही ओळख फुटत नाही. त्या नोंदीसाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. समितीसमोर आई किंवा नातेवाईक येतात, त्याच वेळी हे विचारावे लागते आणि माडिया वा गोंडीत विचारू शकणारी व्यक्ती त्या दिवशी तेथे हजर असावी लागते.