तक्रारी घटल्या म्हणजे गावात शांतता आली का? शांतता मोजतात कशी, समजून घ्या

बोईसर : पोलीस ठाण्यातल्या तक्रारी कमी झाल्या, तर गावात शांतता आली असं म्हणायचं का? की लोकांनी तक्रार करणंच सोडलं? शांततेच्या प्रत्येक योजनेचं मूल्यमापन इथेच अडतं.

तंटामुक्त मोहीम काय आहे?

तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावच्या समितीने दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवायचे. कामाला गुण आणि पात्र गावाला लाखांच्या घरात बक्षीस. पडताळणीला दुसऱ्या जिल्ह्याची समितीही येई.

अडचण कुठे?

बक्षीस मिटलेल्या तंट्यांवर असेल, तर तडजोडीसाठी दबाव येऊ शकतो. मारहाणीची तक्रार बाईने मागे घेतली की कागदावर तंटा मिटतो. घरात मार थांबला का, ते वहीत दिसत नाही.

अफवाही वहीत दिसत नाहीत. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० रोजी मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांच्या वातावरणात जमावाने तिघांची हत्या केली.

भिवंडी काय सांगते?

१९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभारल्या. १९९२-९३ मध्ये मुंबईत ९०० बळी गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. तरी एका शहरावरून श्रेय ठरत नाही. म्हणून अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी अलिगढ-कालिकतसारख्या शहरांच्या जोड्या तपासल्या. हिंदू-मुस्लिम एकत्र असलेल्या संघटना जिथे मजबूत, तिथे दंगली कमी, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मग मोजायचं कसं?

• आधीचं रीडिंग : तारापूर एमआयडीसीत सांडपाणी प्रक्रियेआधी आणि नंतरही तपासतात. तशी योजनेआधीची स्थिती नोंदवा.
• तुलना : योजना नसलेल्या, पण तशाच गावाशी ताडून पाहा.
• थेट विचारणा : सहा महिन्यांनी दोन्ही पक्षांना, समितीसमोर नव्हे तर एकांतात विचारा. महिलांना वेगळं विचारा.
• दुरुस्ती : जे चुकलं ते ग्रामसभेत मांडा आणि काम बदला.

लक्षात ठेवा : चुकीचं सांगितलं म्हणून बक्षीस हुकणार नाही, याची खात्री असेल तरच गाव खरं बोलेल. बक्षीस आणि तपासणी वेगळी ठेवणं म्हणूनच गरजेचं आहे.