कोऱ्या रकान्यातला शेतकरी

सातबारा म्हणजे मुळात दोन तक्त्यांची जोडणी. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते, बारामध्ये तिच्यात काय पेरलं ते. दोन्ही गट क्रमांकाने बांधलेले. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली तक्ते जोडण्याचं गणित मांडलं, तेव्हा आपले तलाठी हे काम हाताने करतच होते.

आता पीकपेऱ्याची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. समजा, नागपूर जिल्ह्यात, काटोल तालुक्यातल्या एखाद्या गावाची यादी हवी आहे: सगळे खातेदार, आणि संत्रा असेल त्यांच्यापुढे त्याची नोंद. एसक्यूएलमध्ये त्यासाठी 'लेफ्ट जॉइन' करतात. खातेदार सगळे राहतात. ज्याची पीकनोंदच नाही त्याचा रकाना कोरा, म्हणजे 'नल'. मग शेवटी 'व्हेअर' लावून कोणी लिहितं, पीक = 'संत्रा'. कापूसवाला गेला, नोंद न केलेलाही गेला. लेफ्ट जॉइन नावापुरता उरला.

कोऱ्या रकान्यात संत्रा आहे का, या प्रश्नाला डेटाबेस 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. 'माहीत नाही' म्हणतो. व्हेअर मात्र फक्त 'हो'वाल्या ओळी ठेवतो. खरी गंमत पुढे आहे. 'संत्रा नसलेले' अशी उलटी अट घाला, कापूसवाला परत येतो. कोऱ्या रकान्याचा शेतकरी तेव्हाही येत नाही. दोन्ही याद्या मिळूनही गाव पुरं होत नाही, आणि पडद्यावर चूक झाल्याची सूचना म्हणाल तर एक नाही.

अट जोडणीच्याच 'ऑन'मध्ये घातली की सगळे खातेदार जागेवर राहतात. साध्या 'इनर जॉइन'मध्ये ती दोन्हींपैकी कुठेही लिहा, उत्तर तेच. तिथली सवय इथे नडते.

खातेदार आणि पिकं यांच्या जोडीला गटांच्या क्षेत्राचा तिसरा तक्ता आला की वेगळंच दुखणं. एका गटावर दोन भाऊ, आणि शेतात संत्रा व तूर: जोडणीत चार ओळी होतात, १.२० हेक्टरची बेरीज ४.८० भरते. 'डिस्टिंक्ट'ही इथे कामाचा नाही, कारण चारही ओळी वेगवेगळ्या आहेत. क्षेत्राची बेरीज गटांच्या तक्त्यावरच करावी आणि पिकांच्या तक्त्याला 'एग्झिस्ट्स'ने एवढंच विचारावं, या गटात संत्रा आहे का? तो तक्ता जोडायची गरजच नाही. मग १.२० चे १.२० च राहतात.