घरातला पुढचा कॉम्प्युटर: लॅपटॉप, डेस्कटॉप की डब्याएवढा मिनी पीसी?

आजच्या भागाचं निमित्त एक व्हॉइस नोट आहे. श्रोता साताऱ्याजवळचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. घरात २०१६ मध्ये घेतलेला डेस्कटॉप आहे आणि त्यावर विंडोज ११ चढत नाही. बहीण बारावीला, आई घरून शिवणकामाच्या ऑर्डरी घेते आणि हिशोब त्याच मशीनवर ठेवते. बजेट ४५ हजार. बाबांची अट एकच: आता घ्याल ते पाच-सहा वर्षं बघायला लागू नये. दुकानदार मात्र एकामागून एक लॅपटॉपच दाखवतोय. मग घ्यायचं काय?

अशा वेळी आपण लगेच ‘कुठला लॅपटॉप चांगला’ इथून सुरुवात करतो. माझ्या मते त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: हे मशीन घराबाहेर जाणार आहे का? हॉस्टेल, कॉलेजची लॅब, ऑफिस, क्लास, असं आठवड्यातून दोनदा जरी जाणार असेल तर लॅपटॉप घ्या, वाद संपला. पण ‘कधीतरी लागेल’ एवढंच कारण असेल तर थांबा. कारण घडी घालून बॅगेत टाकता येण्याची किंमत आपण मोजतो, आणि ती फक्त पैशात नसते.

कशी ते बघा. दुकानात दोन पाट्या आहेत, दोन्हींवर लिहिलंय ‘आय५, तेरावी पिढी, १० कोअर’. एक लॅपटॉप, एक डेस्कटॉप. वाटतं, आतला माल सारखाच. लॅपटॉपमध्ये असतो आय५-१३३५यू. त्याचे १० कोअर म्हणजे २ दमदार आणि ८ छोटे, वीज वाचवणारे. डेस्कटॉपमध्ये असतो आय५-१३४००. त्याचेही १०च, पण ६ दमदार आणि ४ छोटे. पहिल्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, दुसऱ्याची ६५ वॅट. नाव एक, पिढी एक, पण काम करायची ताकद वेगळी. ब्राउझर आणि एक्सेलमध्ये हा फरक जाणवणार नाही. व्हिडिओ एक्स्पोर्ट करा, ऑटोकॅडमध्ये मोठं ड्रॉइंग उघडा, तिथे जाणवतो. वर लॅपटॉप पातळ, पंखा एवढासा, म्हणून तापला की वेग स्वतःहून कमी करतो. यात कुणी फसवत नाहीये, एवढ्या जागेत तेवढीच उष्णता बाहेर काढता येते.

नावांचा घोळ एएमडीकडेही आहे. रायझेन ५ ७५२०यू हे नाव ऐकून एकदम नवीन वाटतं, कारण आकडा ७००० च्या घरातला. पण या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. तो २ असेल तर आतलं डिझाइन झेन २, म्हणजे मूळ २०१९ चं. ७५३०यू असेल तर झेन ३, ७६४०यू असेल तर झेन ४. ‘रायझेन ५ आहे ना, मग बास’ असं कुणी म्हणालं की पूर्ण नंबर विचारा. तो सांगायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा.

आता रॅम. पाच-सहा वर्षं चालवायचं म्हणताय तर १६ जीबी धरा. ८ जीबीवर विंडोज ११ चालते, पण ब्राउझरचे वीस टॅब आणि एक ऑनलाइन लेक्चर सुरू झालं की दम लागतो. त्यातून २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात चढलेत, कारण एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे आणि कंपन्या माल तिकडे वळवतायत. ‘आत्ता ८ घेऊ, पुढच्या वर्षी स्वस्तात वाढवू’ हे जुनं गणित सध्या बेभरवशाचं आहे. आणि अनेक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. वर सांगितलेला ७५२०यू घेतलात तर त्यात ती सोल्डर केलेलीच येते. म्हणजे वाढवायचा विषयच नाही.

डेस्कटॉपचं खरं सुख इथे आहे. कीबोर्डवर चहा सांडला? पाचशेचा नवीन आणा. रॅम भरली? दुसरी पट्टी टाका. मॉनिटर तर दोन कॉम्प्युटर पार करतो. आमच्या श्रोत्याचा जुना मॉनिटर, कीबोर्ड, माउस चालू असतील तर त्याचे ४५ हजार सगळेच्या सगळे डब्यावर खर्च करता येतील. लॅपटॉप घेतला की या वस्तू नुसत्या पडून राहतात आणि तो त्याच वस्तूंसाठी परत पैसे मोजतो.

पण घरात टॉवर ठेवायला जागा नाही, हे अगदी खरं कारण आहे. वन बीएचकेमध्ये टेबलाखाली पेटी ठेवायची म्हणजे आईचा विरोध ठरलेला. त्यावर उपाय मिनी पीसी. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी, ही साधारण एक लिटर आकाराची मशीन्स ऑफिसांसाठी बनतात. स्टँड घेतला तर मॉनिटरच्या पाठीमागे बसतात. रॅम, एसएसडी बदलता येतात, वीज कमी खातात. मोठं ग्राफिक्स कार्ड मात्र बसत नाही, त्यामुळे हेवी गेमिंग करणाऱ्यांनी टॉवरच घ्यावा. ॲपलचा मॅक मिनी एम४ याच जातीतला, फारच वेगवान. लाँचच्या वेळी भारतात ५९,९०० ला आला आणि त्यात स्क्रीन, कीबोर्ड, माउस काहीच नाही. शिवाय टॅली, सॉलिडवर्क्स लागत असेल तर तो तुमच्यासाठी नाही, कारण ही सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात.

स्नॅपड्रॅगनवाले नवे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, पण तुमच्या जुन्या प्रिंटरचा किंवा डोंगलचा ड्रायव्हर त्यांच्यासाठी बनलाय का ते आधी बघा. ऑल-इन-वन मला आवडत नाही. स्क्रीन गेली की कॉम्प्युटरही गेला. टॅब्लेट लेक्चर बघायला छान, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायला किंवा जीसीसी-टीबीसीच्या टायपिंगचा सराव करायला नाही.

लाइट जाण्याचा मुद्दा लॅपटॉपच्या बाजूचा आहे आणि तो लहान नाही. ज्या गावात रोज दोन तास वीज जाते तिथे लॅपटॉप स्वतःच स्वतःचा यूपीएस असतो. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस लावला तर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, म्हणजे फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. ते चालू नसेल तर लाइट जाताच पंखा फिरत राहतो पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. विजेच्या बिलाचं म्हणाल तर डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १०० वॅट धरा, रोज ६ तास, महिन्याला १८ युनिट. मिनी पीसी आणि मॉनिटर ४५ वॅट धरले तर साधारण ८. १० रुपये युनिटने फरक महिन्याला शंभर रुपये. एवढ्यासाठी निर्णय बदलू नका.

आता सगळ्यात नाजूक विषय: सेकंडहँड, ज्याला दुकानात ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात. कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसचे डेस्कटॉप काढून टाकतात, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतात. मशीन दणकट, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. मी स्वतः याच बाजूचा आहे. पण गोम अशी की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलमध्ये जवळजवळ सरसकट आठवी किंवा पुढची पिढी लागते. मग सहाव्या-सातव्या पिढीचा माल स्वस्तात खपवला जातो. जाहिरातीत लिहितात ‘आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी’, पिढी गायब. आय५-७५०० म्हणजे सातवी, नको. आय५-८५०० म्हणजे आठवी, चालेल. आय५-१०४०० म्हणजे दहावी, छान. विंडोज १० ला नोंदणी करून मिळणारे वाढीव अपडेट वैयक्तिक ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचेच आहेत, त्यामुळे ‘चालतंय की अजून’ यावर जाऊ नका. त्या मशीनवरून आईचं नेटबँकिंग होणार आहे.

दुकानात मशीन चालू करून घ्या. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि मेमरीखाली किती स्लॉट भरलेत ते दिसतं. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा, क्रॅक केलेली विंडोज नको. जुना लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. एक फाइल तयार होते, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दिसते. ५०,००० च्या जागी ३०,००० असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. बिल जीएसटीचं घ्या आणि वॉरंटी किती महिने ते त्याच बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

साताऱ्याच्या मित्राला मी काय सांगितलं? डिप्लोमानंतर पुण्याला डिग्रीला जायचं नक्की असेल तर १६ जीबीचा लॅपटॉप, आणि घरच्यांसाठी जुन्याच मॉनिटरवर स्वस्तातला आठव्या-नवव्या पिढीचा रिफर्बिश्ड मिनी पीसी, बजेटमध्ये बसेल तसा. जायचं नक्की नसेल तर आत्ता फक्त मिनी पीसी किंवा डेस्कटॉप, उरलेले पैसे बाजूला. त्याचा रिप्लाय आला, “बाबांना दुसरा पर्याय पटला, बहिणीला पहिला.” आता ते त्यांनी घरात मिटवावं. पुढच्या भागात प्रिंटर: इंक टँक की लेझर.