पिकअपला नवे टायर घेताय? नुसता आकार जुळून भागत नाही. शेतापासून भोईवाड्यापर्यंत कोणता टायर, किती हवा, ते वाचा

परळ : जुन्नर तालुक्यातल्या ओतूर-आळेफाटा भागात संध्याकाळी भरलेली पिकअप आधी शेताच्या चिखलातून, पाणंदीतून बाहेर पडते. मग माळशेज घाट उतरते आणि कल्याण, ठाणे मागे टाकत पहाटे दादर-परळला पोहोचते. माल उतरवायला परळच्या भोईवाड्यासारख्या दाट वस्तीत जायचं असेल, तर पावसाळ्यात हिंदमाताजवळचं तुंबलेलं पाणीही वाटेत भेटतं. चिखल, घाट, डांबर आणि पाणी हे सगळं एकाच रात्रीत त्याच चार टायरना झेलायचं असतं.

टायर बदलायची वेळ आली की अनेक जण फक्त चिखल डोळ्यांपुढे ठेवतात आणि मोठ्या नक्षीचे, रुंद टायर शोधतात. पण हिशेब मांडला तर चिखल असतो एक-दोन किलोमीटर आणि डांबरी रस्ता सुमारे दीडशे. म्हणून टायर घ्यायचा तो वजन आणि डांबर बघून. चिखलाचा प्रश्न हवेने आणि हाताने सोडवायचा.

पहिलं काम : दाराजवळचा स्टिकर वाचा

चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात टायरचा आकार आणि हवेचे आकडे दिलेले असतात. पुढच्या आणि मागच्या चाकांचे, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुतेक वेळा वेगळे असतात. शेजाऱ्याच्या गाडीत किती हवा आहे, हे विचारून उपयोग नाही. त्याची गाडी तीच असली तरी टायर वेगळा असू शकतो.

टायरच्या बाजूवर जो ‘मॅक्स’ आकडा असतो, तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीला रोज तेवढीच हवा लागते, असा त्याचा अर्थ नाही.

खरा आकडा वजनाचा

टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असेल तर २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिम १५ इंचाची. इथवर बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढचा छोटा आकडा मात्र कुणी बघत नाही. तो लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलेल त्याचा आकडा :

- १०० : ८०० किलो
- १०४ : ९०० किलो
- १०८ : १००० किलो
- ११२ : ११२० किलो

समजा, माल भरल्यावर मागच्या एक्सलवर १९०० किलो वजन आलं. म्हणजे एका चाकावर ९५० किलो. इथे १०४ चा टायर कमी पडतो, १०८ चा जेमतेम पुरतो, ११२ चा व्यवस्थित पेलतो. २१५/७५ आर १५ याच आकाराचा प्रवासी गाडीचा टायर १०० इंडेक्सचाही मिळतो. तो रिमवर बसतो, दिसायला सारखाच असतो, वर स्वस्तही पडतो. पण माळशेजच्या उतारावर भरल्या गाडीखाली तो तापला की फुटायची वेळ येते.

म्हणून टायरवर एलटी किंवा सी हे मालवाहू गाडीचं अक्षर आहे का, ते पाहा. ११२/११० असे दोन आकडे असतील तर पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी. पिकअपला मागे एकेरी चाक असतं, म्हणून पहिला धरायचा. १० पीआर, १२ पीआर हे ताकदीचे दर्जे आहेत. आत तेवढे थर असतातच असं नाही.

मोठा इंडेक्स घेतला म्हणून गाडीत जास्त माल भरता येत नाही, हेही लक्षात ठेवा. स्प्रिंग, एक्सल आणि ब्रेक जुनेच असतात. मोटार वाहन कायद्यानुसार जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.

नक्षी कोणती?

- हायवे टायर (एचटी) : सरळ, बारीक नक्षी. डांबरावर शांत, ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला, डिझेल कमी. चिखलात लवकर भरतो.
- ऑल टेरेन (एटी) : मधला मार्ग. मुरूम, खडी, पाणंद आणि डांबर सगळीकडे चालतो.
- मड टेरेन (एमटी) : मोठे गट्टे, मोठ्या फटी. चिखल फेकून देतो. पण डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर पकड कमी देतो.

गाव ते मुंबई अशा फेऱ्या करणाऱ्या गाडीला एचटी किंवा एटी. वर्षभर खाणीत, जंगलात किंवा बांधावर चालणाऱ्या गाडीलाच एमटीचा विचार करावा.

मोठा टायर लावून किती उंची मिळते?

२१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ लावला तर टायरचा व्यास सुमारे ३ सेंटीमीटरने वाढतो. पण एक्सल वर उचलला जातो फक्त दीड सेंटीमीटर. त्या बदल्यात स्टिअरिंग वळवताना टायर घासू शकतो आणि चढावर गाडी जड ओढते. स्पीडोमीटरही कमी दाखवतो : काटा ६० वर असताना गाडी साधारण ६२-६३ ने पळत असते. दीड सेंटीमीटरसाठी हा सौदा परवडत नाही.

हवा : थंड टायरमध्ये, स्वतःच्या मीटरने

गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच चाललेली असताना हवा तपासायची. घाट उतरून आल्यावर टायर गरम असतो आणि आकडा वाढलेला दिसतो. ६० पौंडाच्या टायरमध्ये १० अंश तापमान वाढलं की अडीच पौंडाच्या आसपास वाढ होते. ती बघून हवा सोडली तर टायर थंड झाल्यावर कमी पडते. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकून तापतो, आणि तापूनच फुटतो.

माल भरायच्या आधीच, गावात, भरलेल्या गाडीच्या आकड्याएवढी हवा भरून घ्या. भोईवाड्यात माल उतरल्यावर लगेच हवा सोडू नका. दोन-तीन तास गाडी उभी राहिली, टायर गार झाले, की मग रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा. भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी पिकअप पळवली तर मागचं चाक उड्या मारतं, टायर फक्त मधोमध टेकतो आणि ब्रेक दाबताच गाडी मागून सरकते.

चिखलात हवा कमी करावी का?

करता येते, पण अटी आहेत. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि गाडी कमी रुतते. रिकाम्या गाडीत ४० पौंडावरून ३० पर्यंत खाली यायला हरकत नाही. वेग मात्र २० च्या आत ठेवायचा, स्टिअरिंग झटक्याने मारायचं नाही, आणि डांबर लागायच्या आधी पंपाने हवा परत भरायची. पंप सोबत नसेल तर हवा सोडूच नये.

भरलेल्या गाडीत हा प्रयोग अजिबात नको. टायर रिमवरून निसटतो. काळ्या मातीत वाफसा नसेल तर गाडी रस्त्यावर ठेवून माल ट्रॅक्टरने बाहेर आणलेला स्वस्त पडतो.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकाच आकाराचे आणि सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर गिअरवर ताण येतो.

साचलेल्या पाण्यात उलटा नियम

चिखलात कमी हवा चालते म्हणून ओल्या रस्त्यावरही चालेल, हा समज धोक्याचा आहे. अमेरिकेच्या नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर चाचण्या केल्या होत्या. त्यातून निघालेल्या ठोकताळ्यानुसार रस्त्यावर पाणी साचलेलं असताना ३६ पौंडाचा टायर ताशी १०० किलोमीटरच्या सुमारास पाण्यावर तरंगू लागतो, तर २५ पौंडाचा ८३ लाच. मालाच्या गाडीत, त्यातही रिकाम्या परतणाऱ्या, हे त्याहून कमी वेगातही होऊ शकतं. नक्षी झिजलेली असेल तर धोका आणखी वाढतो.

नियमाने चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. टीडब्ल्यूआय खुणेच्या रेषेत नक्षीच्या फटीत रबराचा उंचवटा असतो. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला.

दुकानात पैसे देण्याआधी

- आकार, लोड इंडेक्स आणि पीआर स्टिकरशी व जुन्या टायरशी जुळवा.
- डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा. ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर घेऊ नका.
- आयएसआय खूण आहे का, ते पाहा.
- टायर जोडीनेच बदला. दोनच घेत असाल तर नवे मागे लावा.
- रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला नको.
- अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्या.
- स्टेपनीची हवाही तपासा.

शहरातल्या अरुंद गल्लीत गाडी लावताना फूटपाथच्या कडेला टायर दाबू नका. बाजूच्या भिंतीवर फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात आणि पंक्चरवाल्याकडे त्यावर इलाज नसतो. असा टायर तिथेच बदलावा. भरली गाडी त्यावर घाटात नेऊ नये.