पोळी-भाजीच्या डब्यात कमी काय आहे?

‘रोज पोळी-भाजीच देता? त्यातून पोषण ते काय मिळणार?’ शाळेच्या फाटकापाशी हा प्रश्न हमखास ऐकू येतो. उत्तर सरकारी तक्त्यातच आहे. पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दुपारच्या जेवणाचं प्रमाण ठरलेलं आहे: १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, अशी अपेक्षा असते. म्हणजे पोळी, भाजी आणि थोडी उसळ. पोळीबरोबर नुसता बटाटा किंवा जॅम दिला की पोट भरतं. प्रथिनं मात्र कमी पडतात. पोळी-भाजीत खोट नाही, तिच्या जोडीचं कडधान्य सुटतं, ही खरी अडचण आहे.

प्रथिनांसाठी बदामच हवेत, हाही एक महागडा गैरसमज. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, बदामात त्याहून थोडी कमीच. भाजीत दाण्याचं कूट सढळ हातानं घाला. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, ते घशात अडकू शकतात.

‘पालक खाल्ला, लोह मिळालं’ हे अर्धंच खरं. पालेभाज्या-कडधान्यांतल्या लोहाचा थोडाच भाग शरीर शोषून घेतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर हे शोषण वाढतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, तेव्हा ही बाब किरकोळ नाही. उसळीवर लिंबू पिळा, डब्यात पेरूच्या फोडी द्या. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. पण घरोघरी तोच पेरू ‘सर्दी होईल’ म्हणून नाकारला जातो! सर्दी विषाणूंमुळे होते. पेरू, केळं, सीताफळ यांचा त्यात काही दोष नाही.

साखरेच्या बाबतीत तर आपली फारच फसवणूक होते. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. त्यात थोडी खनिजं असतात म्हणून गुळाच्या लाडवांना मोकळीक मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना मधातली आणि फळांच्या रसातलीही साखर मोजायला सांगते आणि एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत, ठेवायला सांगते. दिवसाला १,५०० कॅलरी घेणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे जेमतेम १९ ग्रॅम. ज्यूसच्या २०० मिलीच्या एका खोक्यात बहुतेकदा तेवढी साखर असतेच. रसाऐवजी अख्खं फळ द्या. ब्राउन ब्रेडचा रंगही पाहू नका, वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. ज्याचं वजन सर्वांत जास्त, तो घटक यादीत पहिला छापावा लागतो. तिथे मैदा असेल, तर तो मैद्याचाच ब्रेड.

आता सर्वांत धोकादायक समजूत: रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी दिली की तो पुन्हा ताजा होतो. भातातल्या काही जिवाणूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ती वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष फोडणीच्या आचेनंही नष्ट होत नाही. फोडणीचा भात द्यायचाच असेल, तर उरलेला भात रात्री लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी चांगला वाफवा. वाफाळता डबा घट्ट बंद करणंही बरं नव्हे. वाफेचं पाणी होतं आणि अन्न तासन्‌तास कोमट राहतं. ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान जिवाणूंना मानवतं. म्हणून उन्हाळ्यात ओल्या नारळाची चटणी, पनीर, रस्साभाजी टाळा; थालीपीठ, धपाटे, सुकी मटकी, तिळाची किंवा जवसाची कोरडी चटणी द्या.

राहता राहिला परत येणारा डबा. मूल नखरे करतं, असं आपण धरून चालतो; पण हात धुऊन, रांगेतून येऊन खायला त्याला किती वेळ उरतो, हे फार थोडे पालक विचारतात. पुढच्या पालकसभेत तेवढं जरूर विचारा आणि मधली सुट्टी दहा मिनिटांची असेल, तर वीस मिनिटांची मागा.